सावल्या कापणारी बाई आणि लुझोलोमायची दोरी

लुझोलोमायकडे आपल्या मनाचं पुस्तक मागायची सोय नव्हती. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याला बाकावर बसवायची, वरपासून खालपर्यंत बघायची आणि विचारायची, "आज कुणाशी भांडून आलास?" सासूशी भांडून आलेल्याला एक चित्रकथा, साहेबाशी भांडून आलेल्याला दुसरी. कुणाशीच भांडलो नाही म्हणणाऱ्याच्या हातात ती भुताची द्यायची. म्हणायची, "घे, जरा रक्त खेळू दे अंगात."

आंब्याच्या झाडापासून विजेच्या खांबापर्यंत नायलॉनची दोरी, तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेल्या चित्रकथा आणि खाली एक लांब बाक, एवढंच तिचं दुकान. पुस्तक घरी न्यायचं नाही, तिथेच बसून वाचायचं आणि चिमट्याला परत लावायचं. किन्शासात असल्या दोऱ्या तेव्हा पुष्कळ होत्या. बाकीच्यांच्या दोरीवर लोक पुस्तक निवडायचे, हिच्या दोरीवर पुस्तकासाठी माणूस निवडला जायचा.

तिचा नवरा छापखान्यात बांधणीच्या कामाला होता. पगार बंद झाला तेव्हा मालकाने पगाराऐवजी न खपलेल्या चित्रकथांचे गठ्ठे माथी मारले. नवरा संतापला आणि हिरे खणायला अंगोलाच्या हद्दीकडे निघून गेला, तो गेलाच. गठ्ठे मात्र घरात राहिले. शेजारणी म्हणाल्या, चुलीला वर्षभर पुरतील. लुझोलोने त्याऐवजी दोरी बांधली.

शाळा तिने अर्धवटच पाहिलेली. चित्रांतल्या बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं ती बोट ठेवून, ओठ हलवत लावायची, आणि एक चित्रकथा संपवायला तिला दुपार लागायची. पण वाचणाऱ्यांची तोंडं तिने वर्षानुवर्षं वाचली होती. कुठल्या पानावर कोण जांभई देतो, कुठे उठायला निघालेल्याचा हात वहाणेकडे जायचा थांबतो, हे सगळं तिला पाठ. म्हणून तिने "ही वाच" म्हटलं की माणूस वाचायचा, आणि चित्रं काढणारी मंडळीही नवं पुस्तक आधी तिच्यापुढे आणून ठेवायची. झाडाजवळचा पहिला चिमटा मिळाला की ते पुस्तक गावभर झालं म्हणून समजावं.

तो चिमटा बहुतेक वेळा रिकामाच असे. कारण लुझोलोमायला उष्टी गोष्ट चालत नसे. पांढऱ्या लोकांच्या मुलखातून येणाऱ्या रंगीत, जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांतून उचलायचं, उडत्या राक्षसाची मगर करायची, किल्ल्याची झोपडी करायची आणि खाली आपलं नाव घालायचं, असा धंदा बरेच जण करत. ती चार पानं उलटायची आणि पुस्तक परत द्यायची. "कातडं तुझं आहे बाळा. हाडं दुसऱ्याची आहेत."

किटोकोला तिने असं तीनदा परत पाठवलं होतं. किटोको म्हणजे न्हाव्यांच्या आणि दारूच्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा, तिशीतला, काडीसारखा माणूस. मागच्या गल्लीत बोलुंबु नावाच्या विधवेच्या अंगणात एका खोलीत तो भाड्याने राहायचा. बोलुंबु शिलाई करायची, शाळेचे गणवेश, झबली, उसवलेल्या बाह्या, जे येईल ते.

तिसऱ्या वेळी किटोको चिडला होता. "माय, या नदीच्या देवीत वाईट काय आहे?"

"देवीत काही वाईट नाही. पण माझ्या दोरीवरची ही पाचवी देवी. सगळ्यांचे केस डाव्याच खांद्यावरून कसे येतात रे? पाण्याखाली एकच न्हावीण आहे का?"

बाकावरचे हसले. किटोकोचे कान लाल व्हायच्या रंगाचे नव्हते, पण तापले असावेत. "मग काढू काय? सांग ना. राक्षस नको, देवी नको, बोलणारी सुसर नको."

"जे कुणी काढलं नाही ते काढ."

"ते मी तरी कुठे बघितलंय?"

"दुसऱ्यांची पुस्तकं बंद कर, आपल्या दारात बस, आणि जे दिसतं ते बघ. कुठेतरी काहीतरी असेलच की. देवाने काय सगळं युरोपातच ठेवलंय?"

तो गेला आणि कोरड्या दिवसांत परत आला. हातात सोळा पानांची, पातळ, शाईचा वास येणारी चित्रकथा होती. लुझोलोमायने ती दुपारभर बोट ठेवून वाचली. एक शिंपीण असते. भर दुपारी, सावल्या आखूड असतात तेव्हा, ती दारावरून जाणाऱ्या पोरांच्या सावलीची कड कात्रीने कापते. ते तुकडे पाण्याच्या रांजणात, झाकणाखाली ठेवते. ज्याची सावली कापली त्याला दुपारी ताप भरतो. शेवटच्या पानावर शिंपीण झाकण उघडते, आणि आत काय आहे ते दाखवायच्या आधी गोष्ट संपते.

लुझोलोमायच्या मानेवर काटा आला. पुन्हा पहिल्या पानावर जाऊन तिने बघितलं. हाडं कुणाची? कुणाचीच नव्हती. ही गोष्ट तिने पूर्वी कुठेच चाखली नव्हती.

मग ती उठली आणि तिने ती चित्रकथा पहिल्या चिमट्याला लावली. किटोको बाकावर बसला आणि उगाचच बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत राहिला.

पुस्तक चाललं. सासूशी भांडलेली, साहेबाशी भांडलेली, सगळी माणसं तेच मागू लागली, आणि लुझोलोमाय प्रत्येकाला एकच सांगायची, "वाच. असली गोष्ट तू आजवर ऐकलेली नाहीस." पण बाकावर एक गोष्ट वेगळी घडत होती. वाचून झाल्यावर लोक हसत नव्हते, शिव्या देत नव्हते, शेजाऱ्याला ढोसत नव्हते. पुस्तक चिमट्याला लावून गप उठून जात होते.

एका बाईने जाता जाता विचारलं, "माय, हे कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"हेच. शिंपिणीचं."

"अगं, गोष्ट आहे."

"ते दिसतंच आहे," ती बाई म्हणाली आणि सावलीसावलीने निघून गेली.

मग भजी तळणारी म्हातारी न्गालुला आली. ती किटोकोच्याच गल्लीतली. तिच्या काखेत नातीचा गणवेश होता, एक बाही शिवलेली आणि दुसरी नुसती टाचलेली.

"अर्धाच का गं, आजी?" लुझोलोमायने विचारलं.

"परत घेऊन आले बोलुंबुकडून. दुसरीकडे देईन."

"का? चांगलं शिवते म्हणतात."

न्गालुला तिच्याकडे बघत राहिली. "तूच लोकांना वाचायला देतेस आणि मलाच विचारतेस? गोगलगाईंच्या नक्षीचा लिपुता आमच्या गल्लीत एकीच्याच कमरेला आहे. नवऱ्याने बोटीवरून आणलेला."

लुझोलोमायने पुस्तक काढून बघितलं. शिंपिणीच्या कमरेला गुंडाळलेल्या कापडावर गोगलगाई होत्या. डावा पाय जरा बाहेर टाकून बसायची ढब होती. रांजण दाराच्या उजव्या हाताला होता. दारात बसून बघ असं तिने म्हटल्यावर किटोकोने खरंच दारात बसून बघितलं होतं, आणि हाताने काय टिपलं ते त्याच्या डोक्याला कळलंच नव्हतं. बोलुंबु कधी मोठ्या रस्त्यावर फिरकत नसे, म्हणून लुझोलोमायनेही ओळखलं नाही. गल्लीने मात्र पहिल्याच पानावर ओळखलं होतं.

आता हे त्याच्या कानावर घालावं, पुस्तक उतरवावं, असा विचार करतच ती उभी होती, तेवढ्यात एबेंगो आला. एबेंगोचं कोपऱ्यावर टायर दुरुस्तीचं दुकान होतं. एरवी तो बाकावर फतकल मारून बसायचा आणि कुस्तीच्या चित्रकथा मागायचा. आज तो बसला नाही. त्याने तिच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि तळव्यावर ठेवून तोललं.

"माय, तू कधी खोटं सांगत नाहीस."

"बस तरी आधी."

"उष्टं तू चार पानांत ओळखतेस. बरोबर?"

"लोक म्हणतात तसं."

"मग सांग. ही गोष्ट आधी कुठे वाचलीस? कुणा म्हातारीने सांगितली? सिनेमात आली? पांढऱ्यांच्या पुस्तकात होती?"

आणि लुझोलोमाय चुकली. इतक्या वर्षांची सवय तोंडात बसलेली, ती आधी बाहेर आली. "नाही बाबा. ही कुठेच नव्हती."

"कुणीच सांगितली नव्हती?"

"कुणीच नाही."

एबेंगोने मान हलवली. त्याचे डोळे जागरणाने सुजले होते. "मी पण तेच म्हणतो. सांगोवांगी असती तर गोष्ट म्हणालो असतो. कुणीच कधी सांगितलेली नाही, म्हणजे त्या पोराने डोळ्यांनी बघितलीय. तिच्याच अंगणात राहतो तो." पुस्तक परत देत तो म्हणाला, "माझी मुलगी दोन दिवस तापलीय. गेल्या आठवड्यात तिचं माप घ्यायला बोलुंबुकडे नेलं होतं."

"अरे, ताप सगळ्या शहराला येतो."

"दुपारीच चढतो, माय. दुपारीच."

तो गेला. त्याच्यामागे पलीकडच्या फुटपाथवर उभे असलेले चौघे-पाच जणही निघाले. कुणी ओरडत नव्हतं, घाईतही नव्हतं.  या शहरात गर्दी अशीच सुरू होते आणि गळ्यात टायर अडकवून माणसाला पेटवते, हे लुझोलोमायने पूर्वी एकदा पाहिलं होतं. आणि एबेंगोकडे टायरांना तोटा नव्हता.

दोरी तशीच सोडून ती निघाली. किटोको दोन चौक पुढे एका न्हाव्याची पाटी रंगवत शिडीवर उभा होता.

"खाली उतर."

"शेवटचं अक्षर राहिलंय, माय."

"ते दाढी करायला येणारे वाचून घेतील. खाली उतर."

तिने सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. पुस्तक हातात घेऊन पहिलं पान, दुसरं पान, मग गोगलगाई बघत राहिला. "मी मुद्दाम नाही काढलं," तो म्हणाला. "रोज समोर असते ती. हात गेला."

"ते मला कळलं. त्यांना नाही कळणार. आता एकच करायचं. तिथे चल आणि सगळ्यांपुढे सांग की गोष्ट उचललेली आहे."

"कुठून?"

"कुठूनही. जुनी आहे म्हण. आजीची म्हण."

किटोकोच्या हातातल्या कुंचल्यातून लाल रंग टपकत होता. "नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"तीनदा मला उष्टं म्हणून घालवलंस. सगळ्या बाकासमोर. आता पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी काढलं आणि तूच सांगतेस, चोर म्हणवून घे? मी समजावतो त्यांना. सांगतो की मी रचलं. डोक्यातून."

"त्यांना वाटतं डोक्यातून असलं काही येत नाही. डोळ्यांतूनच येतं. जितकं समजावशील तितकं त्यांना खरं वाटेल."

"मग पोलिसांना बोलाव."

"पोलीस यायच्या आत काय होतं ते तुला माहीत आहे."

"माझ्याकडे दुसरं काय आहे गं, माय?" त्याचा आवाज चिरकला. "पाट्या? न्हाव्यांची डोकी?"

 पाटी रंगवणाऱ्याकडे दुसरं काय असणार? तिने फक्त म्हटलं, "बोलुंबुने काल तुला काय वाढलं?"

"पोंडूची भाजी आणि क्वांगा," तो म्हणाला, आणि कुंचला शिडीवर ठेवून चालू लागला. पण सांगीन असं तो म्हणाला नाही. 

बोलुंबुच्या अंगणात ऊन कललं होतं. सावल्या लांब झाल्या होत्या. आणि गर्दी अशी उभी होती की प्रत्येकाची सावली बोलुंबुपासून उलट दिशेला पडावी. मागून येणारे पण वळसा घालून त्याच बाजूला जात होते. त्यामुळे अंगणाचा अर्धा भाग माणसांनी ठासून भरलेला आणि अर्धा रिकामा, आणि रिकाम्या भागाच्या मध्यावर, स्टुलावर, बोलुंबु. मांडीवर कुणाचा तरी सदरा, हातात कात्री. ती कात्री खाली ठेवत नव्हती. ठेवली तर लपवली म्हणतील, धरली तर धरली म्हणतील. ओठ घट्ट मिटले होते.

"रांजण उघड," एबेंगो म्हणाला. तसं त्याने आधीही म्हटलं असावं.

"पाणी आहे त्यात," बोलुंबु म्हणाली.

"मग उघडायला काय जातं?"

"तू उघड."

एबेंगो जागचा हलला नाही. झाकणाला हात लावायची कुणाचीच छाती नव्हती. कुणीतरी मागून म्हणालं, रांजणासकट पेटवून द्या. ते हळूच म्हटलं होतं, पण सगळ्यांना ऐकू गेलं, आणि कुणी त्याला गप्प बस म्हणालं नाही. भिंतीला टेकवलेली दोन जुनी टायरं लुझोलोमायला तेव्हाच दिसली.

ती गर्दीतून पुढे आली आणि सरळ सूर्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिची सावली अंगणभर लांब पसरली आणि बोलुंबुच्या मांडीवर, कात्रीवर जाऊन पडली. बायकांनी श्वास आत ओढला. 

"एवढ्यासाठी जमलात?" ती म्हणाली. "मला वाटलं कुणी मेलं. ही गोष्ट तर माझी आजी सांगायची."

एबेंगोने मान वळवली. "दुपारी तू मला सांगितलंस की कुठेच नव्हती."

"दुपारी मी पुस्तकांचं सांगितलं. पुस्तकात नव्हतीच. आजीचं तू विचारलंस तेव्हा मला आठवलं नाही. माझं वय बघ. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही."

"आता कशी आठवली?"

"रांजण बघून." आणि त्याला पुढे बोलू न देता ती वळली, हात पुढे केला आणि संध्याकाळी गोष्ट सांगणाऱ्या बायका जसा आवाज काढतात तसा काढून म्हणाली, "दार उघडं आहे का?"

 ती थांबली. ती थांबली तेवढा वेळ तिला फार मोठा वाटला. मग मागच्या रांगेतून एका बाईच्या तोंडून, तिने ठरवलं नसताना, बाहेर आलं, "उघडं आहे, ये." लहानपणापासून जिभेला लागलेलं वळण. म्हणू नये म्हटलं तरी ओठ म्हणून टाकतात.

"दार उघडं आहे का?"

"उघडं आहे, ये," या वेळी आठ-दहा जण म्हणाले.

आता पुढे काय, ते लुझोलोमायला माहीत नव्हतं. तिने जन्मात एक गोष्ट रचली नव्हती. दुसऱ्यांच्या गोष्टींना नावं ठेवणं वेगळं. तिला समोर फक्त सूर्य दिसत होता, बुडायला टेकलेला. म्हणून तिने सूर्यापासून सुरुवात केली.

"सूर्य नवा होता तेव्हा बुडत नसे. डोळ्याला डोळा लागत नसे कुणाचा. पोरं झोपेसाठी रडायची, बायका भांडायच्या, पुरुष तर काय, ते झोप झाली तरी भांडतातच." दोन बायका नाकातून हसल्या. "तेव्हा एक शिंपीण उठली. म्हणाली, काळोख शिवायचा तर कापड पाहिजे. पृथ्वीवर काळं, गार असं एकच कापड, आपल्या पायाशी पडलेलं. मग ती दारोदार गेली आणि प्रत्येकाच्या सावलीची एक पट्टी मागून घेतली. कापताना ती गायची."

आणि ती गायली. चाल तिच्या आईची होती, कांडण कांडायची. शब्द जसे आले तसे. "शिंपिणबाई, शिंपिणबाई, काय कापतेस? लांब आहे ते आखूड करते, उरलं ते ठेवते." मग तिने टाळी वाजवली. "ठेव गं बाई, ठेव."

"ठेव गं बाई, ठेव," बायका म्हणाल्या.

"ज्याची कापली त्याला घटकाभर हुडहुडी भरायची, आणि मग झोप लागायची. तुकडे ती रांजणात भिजत घालायची, म्हणजे उन्हाने विटणार नाहीत. शिवता शिवता सगळं आभाळ झालं, एक तुकडा कमी पडला. गावच्या सरदाराने दिला नव्हता. तेवढं भोक राहिलं. तोच चंद्र." ती घामाने भिजली होती. "आणि दुपारी आपली सावली आखूड का असते? कापलेली आहे म्हणून. तुझी, माझी, सरदार सोडून सगळ्यांची."

 अंगणात एक कोंबडी फिरत होती. तेवढ्यात न्गालुला आजी म्हणाली, "असं नव्हे ते."

लुझोलोमायने टायरांकडे बघितलं.

"सरदार नव्हे," न्गालुला आजी पुढे येत म्हणाली. "आमच्याकडे सरदाराची सासू नाही म्हणते. सरदार बिचारा द्यायला तयार असतो. माझी आजी अशीच सांगायची. आणि तुझं गाणंही चुकलंय. 'ठेव गं बाई' दोनदा म्हणायचं."

"तुमच्याकडे सगळं सासूवरच ढकलतात," कुणीतरी पुरुष म्हणाला.

"तू सासूच्या घरात राहतोस ना? मग गप्प बस."

"आमच्याकडे शिंपीण नसते, कोळी असतो," दुसरी एक म्हणाली. "जाळं विणतो."

"कोळ्याची वेगळी. ती पावसाची."

लुझोलोमाय बघत राहिली. तिने आत्ता, घाबरून, घशातून काढलेली गोष्ट माणसं आपापल्या आज्यांच्या पदरात बांधत होती आणि गाठ कशी मारायची यावर भांडत होती. गर्दी सैल पडत होती. दोघी-तिघींच्या सावल्या रिकाम्या अंगणात सरकल्या आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

एबेंगो मात्र हलला नव्हता. तो किटोकोकडे वळला. "तू सांग. तुझ्या तोंडून. कुठून काढलीस?"

 किटोको भिंतीशी उभा होता, हाताला लाल रंग लागलेला. त्याने लुझोलोमायकडे बघितलं नाही. तो बोलुंबुकडे बघत होता आणि बोलुंबु त्याच्याकडे. तिने ना मान हलवली, ना डोळ्यांनी विनवलं. नुसती बघत होती, जशी ती रोज दारात बसून त्याच्याकडे बघायची.

"ऐकली होती," किटोको म्हणाला.

"मोठ्याने."

"ऐकली होती. लहानपणी. आजी सांगायची. मी उचलली आणि खाली आपलं नाव घातलं."

"आणि लिपुता? पाय? रांजण?"

किटोकोने खाली बघितलं. "आमचं भांडण झालं होतं. मी उशिरा आलो, तिने फाटकाला कडी घातली. राग आला म्हणून त्या गोष्टीतल्या बाईला हिचं कापड नेसवलं."

"म्हणजे चोर तर चोर, वर कुचकाही," न्गालुला आजी म्हणाली, आणि त्याच्या पाठीत जोरात एक धपाटा घातला. लोक हसले. हसणं सुटलं की गर्दी उरत नाही, नुसती माणसं उरतात. मागचे चार जण तर लगेच निघाले. "तीनदा उष्टं दिलं आणि चौथ्यांदा पण उष्टंच," जाता जाता एकजण म्हणाला, बाकावर रोज येणाराच. किटोकोने ते ऐकलं.

एबेंगो तसाच उभा होता. राग गेला होता आणि त्याच्या जागी काय ठेवावं ते त्याला सुचत नव्हतं. "माझी मुलगी तापलीच आहे ना," तो म्हणाला.

तेव्हा बोलुंबु पहिल्यांदा आपण होऊन बोलली. "दवाखान्यात नेलंस?"

"प्रार्थनेला नेलं."

"दवाखाना सहाला बंद होतो."

एबेंगो मग वळला आणि पळाला. टायरं भिंतीपाशीच राहिली. बोलुंबुने कात्री स्टुलावर ठेवली, तेव्हा तिची बोटं उघडेनात. लुझोलोमायने ती एकेक करून सरळ केली.

मुलीला हिवताप होता, गोळ्यांनी उतरला. एबेंगो माफी मागायला आला नाही. बोलुंबुच्या फाटकाखालचं मोडकं चाक मात्र त्याने एका सकाळी न सांगता नवं बसवून टाकलं. बोलुंबु तोच लिपुता नेसत राहिली. पण बिऱ्हाड तिने दोन महिन्यांत हलवलं, नदीपलीकडे बहिणीकडे. गणवेश पुन्हा आले होते, तरी ती गेली. दारावरून जाणाऱ्या माणसाची सावली आत पडली की तिच्या हातातलं काम थांबायचं, ते काही गेलं नाही.

जाण्याआधी तिने किटोकोला विचारलं म्हणतात, "मी फाटकाला कडी कधी घातली होती?" तो म्हणाला, "कधीच नाही." तिने त्याला जेवायला वाढलं.

त्याचं नाव मात्र बाकावर खराब झालं ते झालंच. पुस्तक जोरात खपत होतं, छापखान्याने दुसऱ्यांदा छापलं, पण लोक म्हणायचे, आपल्या जुन्या गोष्टीचं पुस्तक, एका पाटीवाल्याने काढलंय. लुझोलोमायने ते पहिल्या चिमट्यावरून उतरवून मधे लावलं. कुणी विचारलं तर सांगायची, "वाच. जुनी आहे, पण बरी आहे." दर वेळी ते सांगताना ती वाचणाऱ्याकडे न बघता चिमटा नीट करायची. आणि वाचणारा मान डोलवून म्हणायचा, "हो, माझी आजी सांगायची."

एका दुपारी बाक रिकामा असताना किटोको आला. दोरीखाली उभा राहिला. मग म्हणाला, "माय, रात्र शिवायची ती गोष्ट. चंद्राचं भोक. ती तुझ्या आजीची नाही ना?"

"माझी आजी मुकी होती," लुझोलोमाय म्हणाली. "जन्मात एक शब्द बोलली नाही."

तो बाकावर बसला. "मग ती मी काढतो. मी फक्त चित्रं काढीन. गोष्टीवर तुझं नाव घालतो. ताजी आहे, माय. तुला माहीत आहे ती किती ताजी आहे. लोकांना कळू दे."

लुझोलोमाय चिमटे पुसत होती. पहिला चिमटा तिने पुसला आणि रिकामाच दोरीवर परत लावला.

"काढ," ती म्हणाली. "पण नाव घालू नकोस. माझं नको, तुझंही नको. वर लिही, फार जुनी गोष्ट."

"खोटं लिहू?"

"मला या झाडाखाली अजून थोडे दिवस बसायचंय, बाळा. आणि शिंपिणीला कापड नेसवशील ना, ते आधी मला दाखव."